शालिहोत्र आणि सलोतरी

जुन्या मराठी व फारसी कागदांत घोड्यांच्या वैद्यास जो 'सलोतरी' किंवा 'सालोत्री' हा शब्द येतो, तो 'शालिहोत्र' या ऋषिनामाचा अपभ्रंश होय, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊकच आहे. परंतु या शब्दाचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे, आणि त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. प्रथम तें एका ऋषीचें नांव होतें. मग त्या ऋषीनें सांगितलेल्या शास्त्राचें झालें. मग ज्या पोथींत तें शास्त्र लिहिलेलें असे त्या पोथीचें. आणि शेवटीं, ज्यानें ती पोथी जन्मांत उघडलेली नसेल अशा, पागेच्या दाराशीं बसून बांबूच्या नळकांड्यानें घोड्यास औषध पाजणाऱ्या माणसाचें झालें. नांव ग्रंथाचें आणि विद्या हाताची, असा हा प्रकार आहे. मग हा सलोतरी शिकला कोणापासून? पोथीपासून कीं पागेपासून?

हा प्रश्न आम्ही औरंगाबाद शहराच्या संबंधानें घेत आहों. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी या खेड्याच्या जागीं हें शहर वसविलें. औरंगजेबाच्या दक्षिणेच्या सुभेदारींत त्यास औरंगाबाद हें नांव मिळालें. आणि २०२३ पासून तें छत्रपती संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें. जुन्या कागदांविषयीं बोलतांना आम्ही कागदांतलेंच नांव वापरूं. हें शहर निवडण्याचें कारण असें कीं, पोथी आणि पागा या दोहोंचा पुरावा येथें जितका शेजारीं शेजारीं सांपडतो तितका महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच सांपडेल.

शहरापासून चार-पांच कोसांवर देवगिरी आहे. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याचें नांव चतुर्वर्गचिंतामणीमुळें सर्वतोमुखीं आहे. अष्टांगहृदयावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीकाही त्याचीच. परंतु शके ११९४ च्या ठाण्याच्या ताम्रपटांत याच हेमाद्रीस हत्तींच्या माहुतांचा अध्यक्ष म्हटलेलें आहे, ही गोष्ट वैद्यकाचा इतिहास लिहिणारांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. मनुष्याच्या रोगांवर टीका लिहिणारा पंडित आणि हत्तीखान्याचा मुख्य अधिकारी एकच असावा, हा केवळ योगायोग मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. राजाच्या दृष्टीनें पशूंचें वैद्यक हा राज्यकारभाराचाच भाग होता. कौटिलीय अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत तर वैद्यास दंडही सांगितलेला आहे: उपचाराच्या दोषानें रोग वाढला तर औषधोपचाराच्या खर्चाच्या दुप्पट, आणि वैद्याच्या अपराधानें जनावर दगावलें तर जनावराची किंमत. ज्या विद्येत चूक झाली असतां घोड्याचें मोल भरून द्यावें लागतें, ती विद्या केवळ श्लोक पाठ करून कोणी शिकत असेल हें संभवत नाहीं.

आतां पागेकडे वळूं. मोगलांच्या दक्षिण सुभ्यांचा कारभार औरंगाबादेहून चाले. त्याचे कागद शहरांतील किले अर्कमध्यें पडून होते, ते १९१६ सालीं हैदराबादेस हलविण्यांत आले. शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींचे हे कागद दीड लाखाच्या घरांत असून त्यांतील निवडक कागद डॉ. यूसुफ हुसेन खान यांनीं हैदराबादच्या दफ्तर-इ-दिवानीतर्फे १९५० पासून प्रसिद्ध केले. या संग्रहांत 'अर्ज-व-चेहरा' या जातीचे कागद विपुल आहेत. मनसबदारानें सरकारांतून पगार घ्यावयाचा तर आपले स्वार व घोडे हजर करून दाखवावे लागत. तेव्हां लेखक स्वाराचें नांव, बापाचें नांव, जात, वर्ण, कपाळ, डोळे, तीळ-व्रण हें लिहून घेई, आणि त्याखालीं घोड्याचा रंग, अंगावरील खुणा व डाग नोंदवी. अकबरानें मोगल फौजेंत लागू केलेली डागाची पद्धत ती हीच. आज आलेला घोडा उद्यां दुसऱ्याच्या नांवावर पुन्हा उभा करतां येऊं नये हा तिचा हेतु.

इतिहासाच्या अभ्यासकांनीं हे कागद मनसबदारीच्या पद्धतीसाठीं वाचले, सैन्यसंख्येसाठीं वाचले. ते पशुवैद्यकाच्या शिक्षणाचे कागद म्हणूनही वाचावयास पाहिजेत असें आमचें म्हणणें आहे. ज्यास घोड्याचा चेहरा लिहावयाचा त्यास घोडा पाहतां आला पाहिजे. कुमैत कोणता आणि सुरंग कोणता, समंद कोठें संपतो आणि बोर कोठें सुरू होतो, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय व तोंड पांढरें कीं तीनच पायांवर तें नांव देतां येईल, कपाळावरचा भोवरा एक कीं दोन, जुना व्रण कशाचा, हें सारें उभ्या घोड्यावरून क्षणांत ठरवावें लागे, आणि ठरविलेलें पुढल्या तपासणींत दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनीं पारखलें जाई. आइन-इ-अकबरींत घोड्यांच्या अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला अशा सात जाती दिलेल्या आहेत, आणि पगाराचे दर जातींवर अवलंबून होते. याबूस तुर्की म्हणून लिहिलें तर सरकारचें नुकसान, तुर्कीस याबू म्हटलें तर स्वाराचें. हजेरीचें मैदान ही त्या काळची प्रयोगशाळा होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तेथें उमेदवारी करणाऱ्या पोरास जें शिकावयास मिळे तें कोणत्याही पोथींत नव्हतें.

मात्र पोथी निरुपयोगी होती असें कोणी समजूं नये. दांतांवरून वय ओळखण्याचें प्रकरण पाहावें. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या अश्वलक्षणांत तें सांगितलें आहे व नंतरच्या अश्वशास्त्रकारांनीं विस्तारलें आहे. शिंगराचे सहा दांत पांढरे. दोन वर्षांच्याचे तांबूस-काळपट. पुढें तीन, चार व पांच या वर्षीं मधल्या जोडीपासून कडेच्या जोडीपर्यंत दांत पडून नवे येतात. त्यापुढें तीन तीन वर्षांच्या टप्प्यानें दांतांवर काळी, पिवळी, पांढरी, कांचेसारखी, मधाच्या रंगाची आणि शंखासारखी खूण क्रमानें दिसते. मग खळगा पडतो, दांत हलूं लागतात आणि शेवटीं गळतात. हिशेब केला तर घोड्याचें आयुष्य बत्तीस वर्षांपर्यंत जातें.

आजच्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यास काय शिकवितात? दुधाच्या दांतांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीन व कडेची साडेचार वर्षांस पडते. प्रत्येक नवी जोडी सहा महिन्यांत पूर्ण वर येते आणि पांचव्या वर्षीं तोंड भरतें. म्हणजे पोथींतील तीन, चार, पांच हा क्रम बरोबर आहे. त्यापुढें खालच्या दांतांच्या माथ्यावरील काळा खळगा मधल्या जोडींत सहाव्या, शेजारच्या जोडींत सातव्या व कडेच्या जोडींत आठव्या वर्षीं झिजून जातो. ग्रंथकारांनीं काळ्या खुणेस दिलेलीं सहा ते आठ हींच वर्षें येथें यावीं, हें पाहून कोणाही वाचकास कौतुक वाटेल. ज्यानें प्रथम हें लिहिलें त्यानें शेंकडों घोड्यांचीं तोंडें उघडून पाहिलेलीं होतीं यांत शंका नाहीं.

पण आठव्या वर्षापुढें पोथीचा व तोंडाचा मेळ सुटतो. निसर्गांत तेथून पुढें खात्रीची खूण राहत नाहीं. दांताच्या माथ्याचा आकार लांबटाचा गोल, गोलाचा तिकोनी होतो, दांत पुढें कलतात, आणि वरच्या कडेच्या दांतावर एक उभी खांच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशीं दिसूं लागून पंधराव्यास अर्ध्यावर व विसाव्यास टोंकापर्यंत पोंचते. ही खांच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्वेन नामक अश्वशिक्षकानें प्रसिद्धीस आणली, आणि तीही दोन-चार वर्षांच्या फरकानेंच खरी ठरते. ग्रंथकार मात्र तीन तीन वर्षांची पायरी न चुकतां शेवटपर्यंत चढत जातो. निरीक्षण संपलें तरी छंद संपला नाहीं, असा हा प्रकार. नकलणारानें तर पुढें क्रमच बदलला. कांहीं ग्रंथांत पिवळीच्या जागीं 'हरिणी' आहे, आणि शेवटच्या खुणांच्या नांवांतही फरक पडतात. पाठभेद जुळविणाऱ्या संपादकास यांतील शुद्ध पाठ व्याकरणानें ठरवितां येईल, पण खरा पाठ घोड्याच्या तोंडांत पाहिल्यावांचून ठरवितां येणार नाहीं.

शिवाय बाजारांत दुसरी एक विद्या चालते, ती पोथीकारास ठाऊक असली तरी त्यानें सांगितलेली नाहीं. म्हाताऱ्या घोड्याच्या झिजलेल्या दांतावर कोरून, तापल्या सळईनें काळा ठिपका उठवावयाचा, कीं तो सात वर्षांचा दिसतो. पोथी पाठ असलेला नवशिका येथें फसतो, कारण तो ठिपका पाहतो. जुना सलोतरी दांताचा आकार व कल पाहतो आणि हंसतो. 'डाग' हा शब्द येथें किती कामांस पडला हेंही पाहण्यासारखें आहे: सरकारचा डाग मांडीवर, व्यापाऱ्याचा डाग दांतावर, आणि वैद्याचा डाग दुखऱ्या सांध्यावर.

ग्रंथांच्या इतिहासांत औरंगाबादच्या संग्राहकास आणखी एक अडचण येते, ती येथें नोंदवून ठेवतों. शालिहोत्राचीं फारसी भाषांतरें एकाहून अधिक आहेत. बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्या नांवाशीं जोडलेलें अब्दुल्ला बिन सफी याचें एक, आणि शाहजहानच्या काळचें अब्दुल्लाखान बहादुर फिरोजजंग याचें दुसरें. हें दुसरें विशेष गाजलें. जोसेफ अर्ल्स यानें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १७८८ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. आतां 'फिरोजजंग' हा किताब दक्षिणेंत अनेकांस मिळालेला आहे. निजामुल्मुल्काचा बाप गाजीउद्दीनखान हा फिरोजजंग. निजामुल्मुल्काचा वडील मुलगा, जो १७५२ मध्यें औरंगाबादेसच मरण पावला, तोही गाजीउद्दीनखान फिरोजजंग. औरंगाबादेंत मिळालेल्या सलोतरी-नाम्यावर 'फिरोजजंग' एवढेंच नांव दिसलें कीं तें या घराण्यास लावून देण्याचा मोह होतो. तसें करणें चुकीचें आहे. भाषांतरकर्ता अब्दुल्लाखान हा जहांगीर-शाहजहान यांच्या काळचा सरदार. त्याचाही या भूमीशीं संबंध आला होता, पण तो शत्रु म्हणून. गुजरातेंतून नाशिकच्या बाजूनें दौलताबादेवर चालून येतांना मलिक अंबराच्या हलक्या घोडदळानें त्याची अशी दाणादाण केली कीं त्यास बागलाणांतून परत फिरावें लागलें. ज्यानें घोड्यांवरील सर्वांत प्रसिद्ध फारसी ग्रंथ सिद्ध केला, त्यासच दख्खनी तट्टांनीं पिटाळून लावावें, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

मराठी पागेंतील शिक्षणाची एक खूण भाषेंतच राहिली आहे. 'नाल' हा शब्द अरबी, 'नालबंद' हा फारसी वळणाचा. शिलेदारास चाकरीवर येतांना आगाऊ द्यावयाच्या रकमेस आपल्याकडे 'नालबंदी' म्हणत, यावरून नालाचें महत्त्व किती होतें तें कळतें. खूर तासणें, नाल बसविणें, लंगड्या घोड्याचा दोष खुरांत आहे कीं खांद्यांत हें चालवून पाहणें, या गोष्टी बापानें मुलास आणि उस्तादानें शागीर्दास ऐरणीपाशीं शिकविल्या. आमच्या मतें सलोतऱ्याचा खरा वर्ग नालबंदाच्या भट्टीपाशींच भरत असे.

इंग्रजी अंमलांत औरंगाबादेच्या छावणींत हैदराबाद कंटिंजंटचें घोडदळ असे. तें शिलेदारी पद्धतीचें होतें. घोडा स्वाराचा स्वतःचा, म्हणून घोडा मेला तर संसार बुडाला. अशा पलटणींतून सलोतरी हा पगारी नोकर झाला. त्यांस पद्धतशीर शिकवावें म्हणून १८६२ मध्यें पुण्यास लष्करी पशुवैद्यकशाळा निघाली, आणि २ ऑगस्ट १८८६ रोजीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. शेजारींच सर दिनशा पेटिट यांच्या देणगींतून उभें राहिलेलें बाई साकरबाई जनावरांचें रुग्णालय होतें. ट्रामचे व टांग्यांचे लंगडे घोडे, बैल, कुत्रीं हीं सारीं दारांत येत, आणि विद्यार्थ्यास व्याख्यानानंतर लगेच त्यांस हात लावावा लागे. आम्ही ज्यास पागा म्हटलें ती येथें रुग्णालयाच्या रूपानें पुन्हा शाळेस जोडली गेली.

याच १८८६-८७ सालांत कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित छापून निघालें. स्टील यांनीं हत्तींच्या रोगांवरील आपलें पुस्तक १८८५ त मद्रासेस काढलें. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ त छापला. एकाच दशकांत एकच विषय दोन वाटांनीं छापखान्यांत आला, आणि दोन वाटांनीं चालणारे लोक एकमेकांस भेटले नाहींत. परळचा पदवीधर, ज्यास पुढें 'जी. बी. व्ही. सी.' अशीं अक्षरें लावण्याचा अधिकार मिळे, त्यानें संस्कृत पोथी जुन्या काळची म्हणून सोडून दिली. पोथी छापणारानें जनावर पाहिलें नाहीं. या ताटातुटीचे परिणाम आपण अद्याप भोगीत आहों.

एका बाबतींत मात्र नव्या शाळेनें असा धडा दिला कीं जो ना पोथींत होता ना पागेंत. 'ग्लँडर्स' हा घोड्यांचा रोग नाकांतून व त्वचेंतून पाझरणारा, मनुष्यासही मारणारा. जुना सलोतरी त्यावर काढे देई, धुरी देई, डागी. आणि एका घोड्यावर उपचार करतां करतां ठाण्यावरचे आणखी चार लागत. १८९० नंतर मॅलीनची परीक्षा निघाली. ती टोंचल्यावर ज्वर व सूज आली तर घोडा वरून धडधाकट दिसला तरी आंतून रोगी समजावयाचा. १८९९ च्या कायद्यानें अशा घोड्यास मारण्याचा अधिकार अधिकाऱ्यास मिळाला. जनावर वांचविण्यासाठीं विद्या शिकावयास आलेल्या मुलास उपचार न करण्याचें शिकावें लागलें, आणि तेंही डोळ्यांत पाणी आणून विनवणाऱ्या मालकासमोर. वैद्यकाची जबाबदारी एका पशूवरून सर्व ठाण्यावर गेली, हा फरक लहान नाहीं. कौटिल्याचा दंड एका घोड्याच्या मोलाचा होता. येथें न मारल्याचें मोल कोणी सांगावें?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथील तरुणास परळ दूर होतें. हैदराबादेस महाविद्यालय निघालें तें १९४६ त; परभणीस १९७२ त, उदगीरास १९८७ त. तोंवर शिलेदारी बुडून बरीच वर्षें झालीं होतीं आणि घोड्याची जागा देवणी व लाल कंधारी जनावरांनीं घेतली होती. आजच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा आहे व त्यांतील शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीचें. त्या वर्षांत गोठ्यांतला शेतकरी त्यास पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा वयाचाच: बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे, कीं जुळला? गाईबैलांस वर पुढचे दांत नसतात, म्हणून खालच्या चार जोड्यांवरूनच निर्णय. पुस्तकांत त्याचे महिने दिलेले असतात, पण बोटानें ओठ उलटून पाहण्याची रीत शेतकरीच दाखवितो. जेथें कंटिंजंटचे घोडे उभे राहत त्या छावणींतच आठवडी बाजार भरतो, आणि चेहरा लिहिणाऱ्या मोगल लेखकाची नजर आज तेथील दलालांत पाहावयास मिळते.

आतां संग्राहकांशीं चार शब्द. घोड्यांचा सचित्र अश्वशास्त्रग्रंथ मिळाला तर त्यास रेशमी रुमाल मिळतो, हें आम्ही जाणतों. परंतु सलोतऱ्याच्या घरांतील बाड, ज्यास ना आरंभ ना पुष्पिका, मोडी व फारसी अक्षरें एकत्र, हिंग-ओवा-सैंधवाचीं मापें, मध्येंच उधारीचा हिशेब, मध्येंच घोड्याच्या पायाचें वेडेंवांकडें चित्र, तें 'किरकोळ औषधें' या शीर्षकाखालीं बांधून ठेवतात किंवा रद्दींत जातें. सचित्र ग्रंथ बहुधा राजाच्या ग्रंथालयासाठीं लिहिला गेला. बाड हें शिकणाऱ्याच्या हातांतलें आहे. त्यावरचे तेलाचे डाग, पुसून पुन्हा लिहिलेलें माप, एखाद्या नुसख्यापुढें काढलेली फुली, हा शिक्षणाचा पुरावा आहे. असें बाड हातीं आल्यास पानें सुटीं करूं नयेत, हिशेबाचीं पानें निराळीं काढूं नयेत, आणि ज्या घरांत तें मिळालें त्या घराचा धंदा व पेठ अवश्य लिहून ठेवावी. वाचतांना जवळ एखादा पशुवैद्यकाचा विद्यार्थी बसवावा. शूळाचा नुसखा कोणत्या शूळाचा, वाताचा कीं आंतड्याच्या पिळाचा, हें त्यास मात्रेवरून कळेल. आणि मोडी त्यास वाचतां येणार नाहीं ती आपण वाचून दाखवावी. दांतांचें पान आलें तर पिवळीच्या जागीं काय लिहिलें आहे, आणि आठव्या वर्षापुढें लिहिणारा गप्प बसला आहे कीं पोथीप्रमाणें बत्तिसापर्यंत गेला आहे, एवढें आधीं पाहावें.